साडेतीनशे रुपयांची ओळ

त्रिमूर्तीनगरच्या एका वाचकांनी विचारलंय ते थोडक्यात असं. २०१७ ची पेट्रोल गाडी. जून २०२४ मध्ये डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागू लागला, सकाळी सेल्फ जड फिरायचा. गॅरेजने ११ जूनला अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट) बदलला आणि १३,८०० रुपये घेतले. वीस दिवसांनी दिवा पुन्हा लागला. ऑगस्टमध्ये नवी बॅटरी, ५,४००. नोव्हेंबरमध्ये ‘वायरिंगचं काम’, २,७००. तरी अधूनमधून जंपर लावून दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करायची वेळ यायचीच. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये कॉटन मार्केटजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) ४५० रुपयांत बदलून दिली आणि दुखणं थांबलं. गॅरेजवाला म्हणतो, ‘अल्टरनेटर बदला असं तुम्हीच म्हणालात.’ पत्र २० एप्रिलचं आहे. पैसे परत मिळतील का?

नागपूरचा उन्हाळा बॅटऱ्या मारतोच, त्यामुळे थोड्याफार फरकाने हीच कहाणी दरवर्षी येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ गॅरेजच्या कामाला लागू होतो का, तक्रार नागपुरात करता येते का, यावर शब्द घालवत नाही. होतो, येते. तुमचं घोडं अडलंय ते जॉब कार्डावर, म्हणजे गाडी घेताना गॅरेज काम लिहून घेतं त्या कागदावर.

‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात ‘अल्टरनेटर बदलून देणे’ असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. शेजाऱ्यांनी सांगितलं तेच तुम्ही काउंटरवर बोललात, तिथल्या मुलाने तेच उतरवलं, तुम्ही न वाचता सही ठोकली. समोरचा वकील नेमका या तीन शब्दांवर उभा राहणार: दोष शोधायला आम्हाला सांगितलंच नव्हतं, सांगितलेलं काम केलं, पार्ट नवा आहे, आजही चालतो आहे, मग सेवेत त्रुटी कसली? हा बचाव पोकळ नाही. ‘दिवा लागतो, सेल्फ जड फिरतो, कारण शोधून द्या’ एवढं लिहिलं असतं तर माझं उत्तर चार ओळींत संपलं असतं. गाडीच्या मालकाने लक्षण लिहावं, पार्टचं नाव लिहू नये. हे किती वेळा सांगायचं?

पण तुम्ही बिलाचाही फोटो पाठवलाय, आणि त्यातली तिसरी ओळ तुम्ही स्वतः वाचलेली दिसत नाही. अल्टरनेटर ११,७००, फिटिंग १,७५०, इलेक्ट्रिकल चेकिंग ३५०. तुमचं सगळं प्रकरण या साडेतीनशे रुपयांवर उभं राहू शकतं. तपासणीचे पैसे घेतले म्हणजे तपासणीची जबाबदारी घेतली. मग ‘ग्राहकाने सांगितलं’ ही ढाल तशी राहत नाही. प्रश्न उरतो तो तपासलं काय एवढाच.

चेकिंग म्हणजे काय करायला हवं होतं ते समजून घ्या, कारण गॅरेजला पाठवायच्या नोटिशीत तेच विचारायचंय. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांत १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ वर जायला हवा. तो गेला नाही की बरेच जण लगेच अल्टरनेटर उतरवतात, आणि चूक तिथेच होते. आधी तोच आकडा अल्टरनेटरच्या स्वतःच्या टोकांवर, म्हणजे बी प्लस (करंट बाहेर पडतो ते टोक) आणि त्याची बॉडी यांच्यात घ्यायचा. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १२.९ असेल तर अल्टरनेटर करंट बनवतोय, वाटेत तो कुठेतरी अडकतोय. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावून, इंजिन २,००० आरपीएमवर ठेवून, मीटरची एक पिन इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर धरायची. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थिंग खराब. काम पाच मिनिटांचं. शिवाय सेल्फचा करंटही याच पट्टीतून परततो, त्यामुळे दिवा आणि जड सेल्फ दोन्ही एकदम दिसले की जाणकार माणूस आधी पट्टीचे बोल्ट पाहतो. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं होती.

म्हणून नोटिशीत रागाचा मजकूर कमी आणि प्रश्न जास्त ठेवा. ११ जूनला इंजिन बंद आणि चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट होते, बी प्लसवर किती, इंजिन ब्लॉक ते निगेटिव्ह किती, बेल्टचा ताण पाहिला का, आणि हे कुठे नोंदवलंय? नोंद नसेल तर ३५० रुपये कशाचे? दुसरी मागणी: काढलेला जुना अल्टरनेटर परत द्या. एक्स्चेंजमध्ये घेतल्याचं बिलावर लिहिलेलं नाही, तेव्हा तो तुमचाच. तो बेंचवर लावून १४ व्होल्ट देत असेल तर त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही. भंगारात गेला म्हणाले तर तेही लेखी घ्या.

समोरून दोन गोष्टी येतील. एक, अल्टरनेटर बदलल्यावर वीस दिवस दिवा लागला नाही, म्हणजे दोष त्यातच होता. याला उत्तर आहे: फिटिंग करताना आसपासचे बोल्ट, वायरी हलतात आणि गंजलेली जोडणी काही दिवस पुन्हा धरते. दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२६ तुम्ही गप्प बसलात. पट्टी याच काळात गंजली असं ते म्हणतील. या चौदा महिन्यांत गाडी बंद पडल्याचे, जंपर मागवल्याचे जे मेसेज असतील ते सगळे तारखेनिशी काढा. काहीच नसेल तर प्रकरण बरंच ढिलं होतं.

बॅटरीच्या ५,४०० चं मी छातीठोकपणे सांगणार नाही. महिनोन्‌महिने अर्धवट चार्ज होणारी बॅटरी खरोखर मरते, तेव्हा जुनी गेलेली असेलही, आणि नवी तुमच्या गाडीत आहेच. मागणीत घाला, पण तिच्यावर भर देऊ नका. वायरिंगच्या २,७०० साठी नेमकं काय केलं ते बिलात नाही, ती रक्कम मागायला हरकत नाही. मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे लिहू नका, २१,९०० च्या प्रकरणात ते वाचणाऱ्याच्या डोळ्यात खुपतं.

आता मुदत. कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. खरा दोष जानेवारी २०२६ मध्ये कळला, तिथून मोजा, असा युक्तिवाद करता येतो. ग्राहक आयोग तो मानेलच असं धरून चालू नका. पहिल्या बिलापासून मोजा आणि १० जून २०२६ च्या आत तक्रार दाखल करा. नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही, आणि ‘बघतो, बोलतो’ या गॅरेजवाल्याच्या आश्वासनांनीही नाही. नोटीस या आठवड्यात स्पीड पोस्टने, पंधरा दिवसांची. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागतं आणि ‘वेळ मिळाला नाही’ हे कारण नव्हे.

दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. तक्रार ऑनलाइन करता येते किंवा सिव्हिल लाइन्सला आयोगात जाऊन देता येते. आयोग मुख्यतः प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रांवर निकाल देतो, त्यामुळे पट्टी बदलणाऱ्या इलेक्ट्रिशियनचं प्रतिज्ञापत्र हवंच: कोणत्या तारखेला काय पाहिलं, पट्टी बदलण्याआधी आणि नंतर मीटरवर काय आलं, त्याचं शिक्षण आणि अनुभव. आकडे घेतलेच नसतील तर नंतर बनवून घालू नका, उलटतपासणीत फजिती होते. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा.

कायदा म्हणतो, चाचणीची गरज नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. तारखा पाहिल्या की त्या कलमाचं हसू येतं. दाखल करण्याआधी गॅरेजने दहा-बारा हजार देऊ केले तर मी तुमच्या जागी घेईन, मात्र रक्कम खात्यावर आल्यावरच तडजोडीवर सही करा, आणि या वेळी वाचून.

काढलेली ती पट्टी इलेक्ट्रिशियनकडे अजून पडलेली असू शकते. आजच जाऊन ती घ्या, दोन्ही टोकांचे फोटो काढा, आणि घासूनपुसून स्वच्छ करू नका.