कागदी कुंडीला बुरशी

प्रश्न : रद्दीच्या लगद्याच्या कुंड्यांत भरिताच्या वांग्याची रोपं केली. कुंड्यांवर पांढरी बुरशी आलीय. फेकू का?
– एक वाचक, यावल

उत्तर : फेकू नका, ताई. ती बुरशी कागद खाते, रोपाला सहसा धक्का लावत नाही. पाणी कमी करा, कुंड्या सुट्या ठेवा. लगद्यात मैद्याची खळ घातली असेल तर पुढच्या खेपेला ती नकोच. घट्ट पिळून वाटीवर थापलेला नुसता लगदा आपल्या जळगावच्या मे महिन्यातल्या उन्हात खणखणीत वाळतो. गुळगुळीत छपाईचा कागद टाळा (आमचं मुखपृष्ठसुद्धा!). रोप कुंडीसकट जमिनीत लावताना कुंडीचं बूड फाडा आणि काठ पूर्ण मातीखाली गाडा. उघडा राहिला तर वातीसारखी ओल ओढतो, मुळं कोरडी पडतात.