विवाह अधिकारी मांडवात येतील का?

आम्हाला विशेष विवाह कायद्याने, म्हणजे सरकारी विवाह अधिकाऱ्यासमोर, लग्न करायचंय, पण त्यांच्या ऑफिसात नको. लातूरजवळ आमच्या शेतातच मांडव घातला तर चालेल का?

चालेल. 1954 च्या विशेष विवाह कायद्याचं कलम 12 तशी मुभा देतं. लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावा, नाहीतर तिथून वाजवी अंतरावर तुम्हाला हव्या त्या जागी, जादा शुल्क भरून. शेत, घर, मंगल कार्यालय असा भेद नाही. ‘वाजवी’ म्हणजे किती किलोमीटर, हे मात्र कायद्यात नाही. म्हणून पत्रिका छापायच्या आधी लेखी अर्ज द्या, होकार घ्या, शुल्काची पावती जपा. रविवार किंवा गोरज मुहूर्त धरून बसलात तर अडाल. कामाच्या दिवशीची सकाळ मागा.

विधी कुठलाही करा, मंगलाष्टकं म्हणा किंवा नका म्हणू. पण ‘मी तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’ आणि तिच्याकडून तसंच, हे शब्द अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर उच्चारलेच पाहिजेत. मराठीत चालतात. त्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. मांडवात घोळ होतो तो इथेच: बँड वाजतोय, अधिकाऱ्यांना काही ऐकू येत नाही, आणि तिसरा साक्षीदार पंगतीत वाढायला गेलेला. स्टेजपासून दूर एक टेबल ठेवा. आधी घोषणापत्रावर सह्या, मग हे शब्द, मग प्रमाणपत्राच्या पुस्तकात सह्या. साक्षीदारांना ओळखपत्रासह तिथेच बसवा. तेवढा वेळ बँड बंद.

दोघंही पुण्यात नोकरीला, लग्न अंबाजोगाईला. याच कायद्याखाली लग्न करणार असल्याची नोटीस कुठे आणि कधी द्यायची?

दोघांपैकी एकजण नोटिशीआधी सलग किमान 30 दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय, तिथे. पुण्यात नोटीस दिलीत तर पुण्याचे अधिकारी अंबाजोगाईपर्यंत येतील ही आशा सोडा. एकाने बीड जिल्ह्यात महिनाभर राहून तिथेच नोटीस देणं सोपं.

विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस लागल्यावर हरकतीसाठी 30 दिवस जातात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती बाद होते. म्हणजे लग्न 25 फेब्रुवारीला असेल तर नोटीस 25 नोव्हेंबरनंतर आणि साधारण 15 जानेवारीच्या आत द्या. नोटीस दिवाळीतच देऊन टाकू म्हणणारे फसतात.

गावात कळू नये म्हणून पुण्यात नोटीस देणाऱ्यांसाठी: कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते.

मामाच्या मुलीशी लग्न ठरलंय. आमच्यात चालतं. हेही याच कायद्याने लावता येईल?

बहुतेक नाही. मराठवाड्यात ही सोयरीक सर्रास होते, पण या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मामेबहीण आणि आतेबहीण दोघी निषिद्ध नात्यात मोडतात. प्रथेची सूट आहे, पण ती प्रथा राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली हवी. ‘आमच्यात चालतं’ एवढ्याने भागत नाही. असं लग्न लावलंच तर ते शून्य, म्हणजे झालंच नाही असं, ठरतं. दोघं हिंदू असाल आणि दोन्ही घरांत ती प्रथा असेल, तर हिंदू विवाह कायद्याखाली विधीपूर्वक लग्न करा. तो कायदा प्रथा मानतो.

लग्न मागच्या महिन्यात मांडवात झालं. आता दाखला हवाय, परत लग्न लावावं लागेल?

नाही. राज्याच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नुसती नोंदणी करा: गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेत. मुदत 90 दिवस, नंतर विलंब शुल्क. नावांचं स्पेलिंग आधार कार्डाशी जुळवूनच अर्ज भरा. पासपोर्टच्या वेळी तेच आडवं येतं.