बोर्डो पंपातलं आणि बोर्दो बाटलीतलं

प्रश्न : अण्णा, नमस्कार. थोरला मुलगा फ्रान्सहून येताना बोर्दोच्या लाल वाइनची बाटली घेऊन आला. म्हणतो, तिथल्या बागा नुसत्या गोट्यांत उभ्या आहेत. आमचाही सावळजजवळ दोन एकर मुरमाड माळ पडून आहे. त्यात कॅबर्ने, म्हणजे तिथली लाल वाइनची द्राक्षजात, लावावी का?
– एक बागायतदार, ता. तासगाव

उत्तर : दादा, बोर्दो तुमच्या घरात कधीचंच आलंय. द्राक्षाच्या डावणी रोगावर (पानांवरची बुरशी) मोरचूद-चुन्याचं जे ‘बोर्डो’ मारता ना, ते तिथलंच. मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खाऊ नयेत म्हणून हे मिश्रण फासायचे. फासलेल्या वेलींची पानं डावणीतून वाचलेली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं पाहिली आणि १८८५ साली औषध जाहीर केलं. तो मळा द्युक्रू-बोकायू. त्यातल्या बोकायूचा अर्थच ‘सुंदर गोटे’!

आता त्या गोट्यांचं. ते पाणी धरत नाहीत आणि दिवसाचं ऊन रात्री वेलीला परत देतात. कॅबर्ने उशिरा पिकणारी, हवा समुद्राकाठची, म्हणून तिथं त्या उबेला मोल. नदीपलीकडे पोमेरोलला चिकणमाती आहे, ती गार राहते. तिथं लवकर पिकणारी मर्लो लावतात. आपल्याकडे उबेची टंचाई आहे का? मार्चमध्ये दुपारी तुमच्या माळावर अनवाणी चालून बघा. मुरमाचा निचरा तेवढा कामाचा.

खरी मेख हंगामाची आहे. तिथली वेल हिवाळाभर झोपते. थंडी पोटभर मिळाली की वसंतात डोळे आपसूक फुटतात, जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टात मण्याला रंग, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोड. मणी पिकतो तसतशी हवा गार होत जाते. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, वर डोळे उठवायला पेस्ट. आणि मणी पिकायला लागतो तेव्हा ऊन चढत असतं. साखर पुढं पळते, आंबटपणा मागं जळून जातो. खायच्या द्राक्षाला ते चालतं, वाइनला नाही.

मी २००७ साली दीड एकर शिराझ, म्हणजे वाइनचीच दुसरी जात, लावली होती. हात खायच्या थॉम्पसन द्राक्षाचा, सवय मणी फुगवायची! पाणी सोडत राहिलो. लाल वाइनचा रंग सालीत असतो, गर बहुतेक पांढराच. मणी जितका बारीक तितकी रसाला साल जास्त. माझा मणी टपोरा, रंग फिका. पुढं पाणी तोडायला शिकलो, माल चांगला निघाला, तर ज्यांच्याशी बोली होती त्या वाइनरीनं तो उचलायलाच टाळाटाळ केली. थॉम्पसनचा भाव पडला तर बेदाण्याचं शेड असतं. शिराझच्या मण्यात बिया, त्याचा बेदाणा कोण घेणार? बाजारात नेली तर बारीक मणी बघून व्यापारी हसला. बाग काढून टाकली. बायको अजून त्या तुकड्याला ‘दारूचं रान’ म्हणते.

तेव्हा दर, उचल आणि तारीख कागदावर आल्याशिवाय एक रोपही लावू नका. कागद झालाच तर कॅबर्नेपेक्षा शिराझ बघा, ऊन जरा बरं सोसते. कलमाखालचा खुंट डॉगरीज जातीचा, आणि रंग धरल्यावर ठिबकला हात आखडता.

बाटली मात्र उन्हाळा चढायच्या आत उघडा, थोडी गार करून. लेबलवर मेदोक असेल तर गोट्यांची, पोमेरोल असेल तर चिकणमातीची. मुलाला वाचायला सांगा.