सरकारी जंगलात टर्कीचा डिकॉय लावण्याआधी

अभिनंदन, अमेरिकेत टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा परवाना मिळाला! पण लगेच डिकॉय, म्हणजे टर्कीला भुलवायला ठेवायचा नकली पक्षी, घ्यायला पळू नका. आधी तुमच्या राज्याचे यंदाचे नियम वाचा, मग त्या विशिष्ट जंगलाचे. दोन्ही वेगळे असू शकतात, आणि नवखे तिथेच फसतात. अलाबामात वसंतातल्या मोसमाचे पहिले १० दिवस डिकॉय चालत नाही. बॅटरीवर हलणाऱ्या डिकॉयवर बऱ्याच ठिकाणी बंदी आहे, त्यामुळे पहिला डिकॉय साधी मादीच घ्या. स्वस्तही पडते.

नराचा पिसारा समोर धरून सरपटत जाण्याचे व्हिडिओ पाहिले असतील. सरकारी जंगलात ते अजिबात नको. साउथ कॅरोलिनात अशा जमिनीवर तर बंदीच आहे. झुडपामागचा दुसरा शिकारी पिसाऱ्यावर नेम धरतो, आणि पिसाऱ्यामागे तुम्ही असता.

एवढं सांभाळा:
- डिकॉय पिशवीत झाकून न्या, अंगावर भगवा रंग ठेवा.
- खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसा, डिकॉय २० यार्डांवर.
- लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, मोजेसुद्धा. नराच्या डोक्याचे तेच रंग.
- कुणी येताना दिसलं तर हात हलवू नका, मोठ्याने ओरडा. टर्की उडून गेली तर जाऊ द्या.

टर्कीसारखा आवाज काढून तिला बोलवायचं कसं, ते नंतर बघू.