ऊन पडलं म्हणून निघायचं का?

प्रश्न : भाऊ, लेकरू पुण्यात नोकरीला आहे, मित्रांसंग उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला निघालंय. परवा तिकडं लई बर्फ पडला, टीव्हीवर दाखवलं. आता म्हणतो आई वादळ गेलं, कडक ऊन पडलंय, फोटो भारी येतील. जाऊ द्यावं का?
– एक आई, परभणी

उत्तर : ताई, जाऊ द्या, पण आज-उद्या वर चढू देऊ नका. आपल्याकडं गारपीट थांबली की तासाभरात रानात जाऊन गहू किती झोपला ते बघता येतं, बर्फाचं तसं नसतं. खरी भीती हिमस्खलनाची, म्हणजे बर्फाचा थर उतारावरून सुटून खाली येण्याची. जोराचा बर्फ थांबल्यावरचे पहिले 24 ते 48 तासच त्यासाठी सगळ्यात वाईट, कारण जुन्या थरावर नवं ओझं नुकतंच पडलेलं असतं आणि वरून ऊन लागलं की ते आणखी ढिलं होतं.

घरीच करून बघा. परातीत साखर पसरा, वर कालची कडक झालेली भाकरी ठेवा अन् परात हळूहळू तिरपी करा. आधी काहीच होत नाही आणि मग अख्खी भाकरी एकदम सुटते. थंडीत खालचा जुना बर्फ असाच साखरेसारखा रवाळ होतो, वरच्या थराला धरत नाही. साधारण 30 ते 45 अंशांचा उतार सगळ्यात घातकी, आणि माणसं सापडतात त्या बहुतेक अपघातांत थर सुटतो तो त्यावर चालणाऱ्या माणसाच्याच वजनानं. पायाखाली धप्प आवाज आला, भेगा पळाल्या, की आल्या वाटेनं मागं.

केदारकंठ्याची वाट बरीचशी जंगलातून जाते म्हणून लोक तिला सोपी म्हणतात, पण शेवटचा चढ उभा आहे. केदारकंठा ज्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे, तिथंच 2022 च्या ऑक्टोबरात द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमस्खलनात 25 पेक्षा जास्त गिर्यारोहक दगावले, अन् ती तर ट्रेनिंगवाली, इन्स्ट्रक्टर सोबत असलेली माणसं होती.

बर्फाखाली गाडलेल्या माणसाला वाचवायला पहिली 10-15 मिनिटंच खरी, तेवढ्यात खालून कोण पोचणार? सोबतच्यांनीच काढायचं. म्हणून लीडरला विचारायला लावा, डीजीआरई या सरकारी संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन बघितलं का, ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं आहे का. नुसतं "काही होत नाही" म्हणाला तर लीडर बदला.

दोन दिवस पायथ्याच्या सांकरी गावात बसतील, कंटाळतील, कंटाळू द्या. अन् परातीचा व्हिडिओ त्याला व्हॉट्सॲपवर टाका.