तुळशीवरचा आणि लॉनमधला टोकदार डोक्याचा हिरवा नाकतोडा एकच का?

नाही हो, वेगळे आहेत. दोघांचं डोकं पुढे काढलेलं आणि दोघं हिरवेगार, त्यामुळे गोंधळ होतोच, माझाही बरेच दिवस व्हायचा. पण जातच काय, दोघांचं कुळपण वेगळं आहे.

आधी रंग डोक्यातून काढा, कारण दोघंही हिरवे असतात तसे वाळक्या गवतासारखे तपकिरीपण असतात. मिशा बघा. तुमच्या लॉनमधल्याच्या मिशा लांब, चपट्या, बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळत्या आहेत, अगदी तलवारीच्या पात्यासारख्या. अंग काडीसारखं आणि मागच्या तंगड्या नुसत्या लांबच लांब. हा अ‍ॅक्रिडा (हे त्याचं शास्त्रीय नाव), गवतात राहतो, गवत खातो. तुळशीवरच्याच्या मिशा आखूड आणि अंगपण बुटकं, तो अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा. त्याला रुंद पानं लागतात, तुळस, पालक वगैरे, आणि त्यातली आपल्याकडे जी नेहमी दिसते ती क्रेन्युलाटा नावाची जात तंबाखूवरची कीड म्हणूनही ओळखली जाते. त्यामुळे कुठल्या झाडावर सापडला हे पण लिहून ठेवत जा, अर्धं काम तिथंच होतं.

तरी शंका राहिलीच तर फोटो झूम करा. अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फाच्या डोळ्यामागून निघून मानेच्या खालच्या कडेनं बारीक फिकट दाण्यांची एक रांग जाते, खसखस चिकटवल्यासारखी. मला ही खूण सगळ्यात भरवशाची वाटते. उडाला की मागचे पंख बुडाशी गुलाबी दिसतात, पण तेवढा वेळ तो देतोय कुठं.

आणि तुम्ही लिहिलंय ना की मोठ्याच्या पाठीवर त्याचं पिल्लू बसलंय, ते पिल्लू नाही, तो नर आहे 😄 मादीपेक्षा बराच लहान असतो आणि तासन् तास तसाच बसून राहतो. मीपण आमच्या बाल्कनीतली जोडी घरात सगळ्यांना आई आणि बाळ म्हणून दाखवली होती, मग लक्षात आलं की बाळाला पूर्ण पंख आहेत. पिल्लांना पंख नसतात, नुसते छोटे कोंब असतात, आणि खरी पिल्लं यातल्या कुठल्या जातीची ते ओळखायला जाऊ नका, तिथं भलेभले चुकतात.

पुढच्या वेळी वरून नको, बाजूनं फोटो काढा, दाणे आणि मिशा दोन्ही येतील असा. आणि तुळशीला औषध मारू नका, दोन-चारच असतील तर सकाळी हातानं उचलून लांब सोडून द्या.