आईला पॉलिसायथेमिया व्हेरा (रक्तात लाल पेशी गरजेपेक्षा जास्त बनण्याचा आजार) आहे. थकवा, खाज, झोप यांसाठी मोबाईल अ‍ॅपचा उपयोग होतो का?

होतो, पण औषधाच्या जोडीला. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं काम गोळ्या आणि वेळोवेळी रक्त काढणं यांचंच आहे. त्यात खंड पडू देऊ नका.

अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी याच गटातल्या रक्ताच्या आजारांच्या रुग्णांना ध्यानाची अ‍ॅप्स देऊन पाहिली, रोज साधारण दहा मिनिटं. झोप आणि मनाची घालमेल यांत काहींना बरं वाटलं. अभ्यास लहान होता, पण करून बघायला हरकत नाही. आईंना मराठी किंवा हिंदी आवाज निवडून द्या.

माझ्या मते खरा फायदा नोंदीचा आहे. या आजारातला थकवा रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, त्यामुळे घरच्यांनाही तो पटत नाही, आणि हे फार वाईट आहे. थकवा, खाज, रात्रीचा घाम, लवकर पोट भरणं यांना रोज ० ते १० गुण द्या आणि तपासणीला तोच तक्ता दाखवा. नागपूरच्या मे महिन्यात घाम आजाराचा की उकाड्याचा हे कळत नाही, म्हणून रात्री कूलर चालू होता का तेही लिहा. पाण्याचा अलार्म लावाच, शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त आणखी घट्ट होतं. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर खाज वाढते का, तेही टिपा.

बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, छातीत दुखलं किंवा एकच पाय सुजला, तर नोंद करत बसू नका, थेट दवाखान्यात न्या.